खुफियानवीस आता खिशात राहतो

थ्रेड : पाळतीचा इतिहास, दख्खनच्या सुभ्यापासून मोबाइल ॲपपर्यंत.

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या तटबंदीबाहेरचा उस्मानपुरा दिवसभर गजबजलेला असतो. तेथून जाणारा माणूस कोणत्या दवाखान्याच्या दारात किती वेळ थांबला, याची नोंद त्याच्या खिशातील फोन ठेवू शकतो. ती नोंद वाचतो कोण? हा प्रश्न या शहराला नवा नाही.

औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता तेव्हाही सुभ्यातील बातमी दोन वाटांनी बादशहाकडे जात असे. वाकियानवीस उघडपणे कचेरीत बसून घडामोडी लिही. खुफियानवीस मात्र गुप्त असे. तो कोण, हे सुभेदारालाही कळू नये अशी योजना होती. कारण सरळ होते : उघड लेखकाला सुभेदार फितवू शकतो. ही बातमीपत्रे रात्री नऊच्या सुमारास महालातील स्त्रिया औरंगजेबाला वाचून दाखवीत, असे मनुचीने लिहून ठेवले आहे. (शिवकालीन अष्टप्रधानांतील ‘वाकनीस’ हा शब्दही या ‘वाकियानवीसा’चाच भाऊबंद.)

या यंत्रणेचा जाच मोठ्यांनाही चुकला नाही. दख्खनची सुभेदारी केलेल्या शहजादा मुअज्जमचा अबुल हसन कुतुबशहाशी चाललेला गुप्त पत्रव्यवहार १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात पकडला गेला आणि बापाने मुलाला कैदेत टाकले.

एवढे वाचून कोणी म्हणेल, ‘पाळत तर पूर्वापार चालत आली आहे, आता गवगवा कशाला?’ हा युक्तिवाद इतिहासाचा आधार घेतो आणि इतिहासच विसरतो. खुफियानवीसाचा रोख मुख्यतः मनसबदार, फौजदार, शहजादे अशा सत्ताधाऱ्यांवर होता. कोतवालाचे हेर मोहल्ल्यांतही फिरत, हे खरे. पण लिहिणाऱ्याला हात दोनच होते. पुऱ्यातील कोष्ट्याची रोजची वाट कागदावर उतरवणे कोणत्याही बादशहाला परवडणारे नव्हते. सामान्य माणसाला एकांत मिळाला तो राजाच्या औदार्याने नव्हे, तर कागद आणि कारकून महाग होते म्हणून. सॉफ्टवेअरने नेमकी ती महागाई संपवली.

त्याचे एक उदाहरण टॉर्चचे आहे. अंधारात उजेड पाडण्यापलीकडे ज्याचे काही काम नव्हते असे ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ हे ॲप वापरणाऱ्याचे ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरात कंपन्यांना पाठवत होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०१३ मध्ये हे प्रकरण उघड केले. वापरणाऱ्याने ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ यांपैकी काहीही दाबण्याआधीच माहिती रवाना होत असे. म्हणजे संमतीचा प्रश्न विचारला जात होता, पण उत्तराची वाट कोणी पाहत नव्हते. गूगलचेही तसेच. ‘लोकेशन हिस्ट्री’ बंद केल्यावरही दुसऱ्या एका सेटिंगमधून ठिकाणाची नोंद होतच राहते, हे २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेसने दाखवून दिले. २०२२ मध्ये कंपनीने अमेरिकेतील ४० राज्यांशी ३९.१५ कोटी डॉलरची तडजोड केली.

खुफियानवीसाला निदान पगार बादशाही खजिन्यातून मिळे आणि त्याचा वाचक एकच असे. आजच्या नोंदीला अनेक गिऱ्हाइके आहेत आणि फोनचा हप्ता मात्र ज्याच्यावर पाळत आहे तोच भरतो.

भारतात या बाबतीत कायद्याची पावले उशिरा पडली. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्याच निकालात धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील १९७६ चा जबलपूर निवाडा चुकीचा ठरवला; त्या निवाड्याच्या बहुमतात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. पुढे २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या मालक मेटा कंपनीला २१३ कोटींचा दंड ठोठावला.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातील एक तरतूद तरुण वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. माहिती कशासाठी घेतली जात आहे, हे सांगणारी सूचना आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय या कायद्याने दिला आहे. त्या भाषांत मराठी आहे. उस्मानपुऱ्यातील आजोबांच्या फोनवर ती सूचना मराठीत उमटते का आणि ती वाचून होण्याआधीच त्यांची माहिती निघून तर जात नाही ना, हे तपासण्याचे काम आता कोणाला तरी करावे लागेल.