संग्रह आणि सांठा

नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा सांठा सांपडला. नाणीं क्षत्रप नहपानाचीं; पैकीं ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपली मुद्रा उमटविलेली. सांठा करणारास एकासारखीं हजारों नाणीं हवीं असतात. संग्राहकास यांतील दोनच पुरतीं, एक नहपानाचें आणि एक सातकर्णीच्या मुद्रेचें. लगेच त्याचें मन तिसऱ्या, निराळ्या नाण्याकडे धांवतें. आहे त्यापेक्षां नाहीं तेंच त्यास ओढतें. म्हणून हा छंद लोभाचा नव्हे, जिज्ञासेचा सोयरा होय.

घरांतील मुलाचा तिकिटांचा डबा आवराआवरींत केरांत जातो, तेव्हां हें ध्यानांत असावें. एकत्र कुटुंबांत पाटापासून पांघरुणापर्यंत सारें सामाईक; ज्याची मांडणी केवळ त्याच्या मनाप्रमाणें चालते असा तो डबाच एकटा. तो टाकण्यापूर्वीं मुलास एवढेंच विचारावें, "यांतलें तुझें सर्वांत आवडतें कोणतें, आणि कां?" उत्तर देतांना तो रंगून गेला, तर कपाटाची एक फळी त्यास मोकळी करून द्यावी. उत्तरच नसेल, तर तो नुसता सांठा समजावा.