फुलराणीची दुसरी भाषा

भक्ती बर्वे म्हटलं की लोकांना 'ती फुलराणी' आठवतं. बरोबरच आहे म्हणा. पुलंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून लिहिलेलं हे नाटक १९७५ साली रंगमंचावर आलं आणि मंजुळाचं स्वगत अजूनही कुठल्या ना कुठल्या गॅदरिंगला कुणीतरी म्हणतंच.

मला मात्र गंमत वेगळीच वाटते. ह्या बाई आकाशवाणीवर निवेदन करायच्या, मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या. म्हणजे ज्या 'शुद्ध' मराठीसाठी प्रोफेसर मंजुळाच्या मागे लागतो, ती ह्यांची रोजच्या कामाची भाषा! तरी यूट्यूबवर ते स्वगत बघा, फुलवालीच्या बोलण्याची कुठे टिंगल दिसत नाही. पुढे दूरदर्शनवरच त्या खानदेशातल्या बहिणाबाई झाल्या आणि 'जाने भी दो यारों'त (१९८३) हिंदी बोलणारी बेरकी संपादिका.

आता आमचं बघा. विठ्ठलवाडी ते ठाणे, तिथून ऐरोली. फलाटावर सिंधी-हिंदी, डब्यात आगरी, हापिसात कॉलवर अमेरिकन इंग्लिश. अ‍ॅक्सेंट घासूनपुसून घ्यायला आपण हसत तयार, पण कुणी 'पाणी'ला 'पानी' म्हणालं की आपलीच मराठी मंडळी खिदळतात. आमच्या टीममधला एक हुशार मुलगा ह्यापायी मीटिंगभर म्यूटवर असतो. च्यायला, हे मला अजिबात पटत नाही. 'ण' आला म्हणजे कोड चांगला चालतो का?

१२ फेब्रुवारी २००१ ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरच्या अपघातात बाई गेल्या. मी तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. प्रयोग बघायचा राहिलाच.