‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे

२०२५ साली अकरावीचे प्रवेश प्रथमच साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन पद्धतीने करण्याचे सरकारने ठरविले. तोपर्यंत ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर व अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. सोलापूरच्या विद्यार्थ्यांची तिच्याशी ती पहिलीच गाठ. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हावयाची होती. त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणीचा आरंभ २६ मेवर ढकलावा लागला. प्रवेश पुढे झाले, ही गोष्ट खरी. तथापि त्या दिवसांत पालकांना जे दोन शब्द सर्वत्र ऐकावे लागले, ते अद्याप आपल्या कानांवरून गेलेले नाहीत. ते शब्द म्हणजे ‘सर्व्हर डाऊन’. सेतू केंद्रात, रेशन दुकानात, बँकेत हेच उत्तर मिळते आणि ते ऐकून नागरिक मुकाट्याने परत फिरतो. हे उत्तर आहे काय, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

वस्तुतः या व्यवहाराचे स्वरूप अगदी सोपे आहे. आपला मोबाइल किंवा संगणक विनंती पाठवितो आणि दूर कोठेतरी असलेला सर्व्हर तिला उत्तर देतो. परंतु या दोहोंमध्ये अनेक दुवे असतात. मोबाइल कंपनीचे जाळे, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा, दारावरचा सर्व्हर, त्याच्यामागे माहितीचे कोठार आणि पुष्कळदा आणखी एखाद्या खात्याचा सर्व्हर. यांपैकी कोणताही एक दुवा निखळला तरी पडद्यावर चाक तेवढे फिरत राहते. मग पाच निरनिराळ्या रोगांना एकच नाव देऊन वैद्य मोकळा होतो!

असे होण्याचे काहीच कारण नाही. या पत्रव्यवहाराचे नियम १९९६ सालीच लेखी स्वरूपात प्रसिद्ध झालेले आहेत आणि त्यांत प्रत्येक उत्तरावर तीन आकडी क्रमांक घालण्याची सोय आहे. क्रमांक चारशेच्या घरातला असेल तर विनंतीत दोष आहे. पत्ता चुकला, ओळख पटली नाही किंवा अर्ज सदोष आहे. तो पाचशेच्या घरातला असेल तर दोष सर्व्हरच्या बाजूचा आहे. ५०३ म्हणजे सर्व्हर या घटकेस सेवा देण्यास असमर्थ आहे. ५०४ म्हणजे दारावरचा सर्व्हर जागा आहे, पण आतल्याकडून त्याला वेळेत उत्तर मिळाले नाही. मुळीच उत्तर न आले तर वाटेतले जाळे तपासावे. सेवा केंद्रातील तरुणाने संगणकावर एफ-१२ ही कळ दाबून ‘नेटवर्क’चे पान उघडले, तर कोणती विनंती गेली, तिला कोणता क्रमांक मिळाला आणि किती वेळ लागला, हे त्याला डोळ्यांनी पाहता येते. अडचण एकट्याची आहे की साऱ्यांची, दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर तीच अवस्था आहे काय, एवढे दोन प्रश्न विचारले तरी निम्मे निदान होते.

सोलापूरकरांना ही रीत नवी नाही. मागावर धागा तुटला तर ‘माग बंद’ एवढे म्हणून विणकर घरी जात नाही. ताण्यातला नेमका धागा तो हुडकतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू करतो.

या प्रश्नात गरिबाचे किती अडकलेले आहे, हे सुशिक्षित वर्गाने ध्यानात घ्यावयास हवे. ‘लाडकी बहीण’ योजनेतील स्त्रियांना २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी करण्यास सांगण्यात आले. त्याच महिन्यात सीनेच्या पुराने आपल्या जिल्ह्यातील गावेच्या गावे पाण्यात होती. नोव्हेंबरात संपणारी ती मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. ओटीपी आला नाही, ही त्या काळातली सार्वत्रिक तक्रार होती. ओटीपी न येण्याचा दोष योजनेच्या संकेतस्थळाचा, आधारच्या यंत्रणेचा, मोबाइल कंपनीचा किंवा आधारशी न जोडलेल्या क्रमांकाचा असू शकतो. पहिल्या तिन्ही कारणांवर बाईचा काही इलाज नाही, चौथ्यावर आहे. पण कोणीच काही न सांगितल्यामुळे ती चारही वेळा रांगेत उभी राहते. हजारी विड्यांवर मजुरी मिळविणाऱ्या स्त्रीला अशी प्रत्येक रांग रोख पैशांत मोजावी लागते.

दुसरी एक गोष्ट याहून गंभीर आहे. उत्तर आले नाही याचा अर्थ विनंती पोहोचली नाही, असा होत नाही. पत्र पोहोचून पोचपावती तेवढी वाटेत हरवली, असेही घडते. शुल्क कापले गेले, पण पावती मिळाली नाही, हा अनुभव कित्येकांना असेल. अशा वेळी घाबरून पुन्हा कळ दाबली की शुल्क दोनदा कापले जाण्याचा धोका, आणि लाखोंनी ती दाबली की आधीच दमलेला सर्व्हर पार झोपतो. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देऊन तो कितीदाही आला तरी एकदाच पुरा करणे आणि ‘इतक्या वेळाने पुन्हा या’ असे सर्व्हरकडूनच कळविणे, हे त्यावरचे उपाय जाणकारांना पूर्वीपासून ठाऊक आहेत.

गर्दीचा अंदाज आला नाही, ही सबब सरकारकडून पुढे केली जाते. दहावीचा निकाल १३ मे २०२५ रोजी लागला व १४ लाखांहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण झाले. म्हणजे दारावर येणाऱ्यांची संख्या आठ दिवस आधी छापून आलेली होती! तितक्या भाराची चाचणी घेणे किंवा विभागवार दिवस नेमून देणे अशक्य नव्हते. केवळ गर्दीच्या चार दिवसांसाठी वर्षभर मोठी यंत्रणा पोसणे परवडत नाही, हा आक्षेप पूर्वी रास्त होता. आज हवी तेवढी क्षमता हव्या तेवढ्या दिवसांपुरती भाड्याने मिळते.

आमच्या सूचना तीन आहेत. प्रत्येक सरकारी संकेतस्थळाने अडचण आल्यास दोष कोणत्या बाजूचा, हे स्वच्छ मराठीत सांगावे आणि वेळेसह तक्रार क्रमांक द्यावा. सेवा किती तास बंद होती, याची नोंद जनतेसमोर ठेवावी. आणि जितके तास ती बंद असेल तितकी मुदत, कोणी अर्जविनंत्या न करता, आपोआप वाढावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. अधिकाऱ्याला जे घड्याळ लागू आहे, ते त्याच्या यंत्राला लागू नसावे काय?

नागरिकांचेही कर्तव्य आहे. वेळ टिपून ठेवावी, पडद्याचे छायाचित्र घ्यावे, आपला अर्ज एकदा तपासावा आणि मग विचारावे : कोणता दुवा तुटला आहे, आणि तो कधी जोडला जाईल? हा प्रश्न सोलापुरातील प्रत्येक खिडकीवर विचारला जाऊ लागला, तर ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून सुटका करून घेणे अधिकाऱ्यांना फार दिवस शक्य होणार नाही.