विजेचे दोन दर

माल्टा हा अवघ्या ३१६ चौरस किलोमीटरचा देश. २०२१ च्या जनगणनेनुसार तेथे दर पाच रहिवाशांमागे एकाहून अधिक परकीय आहेत. पोटासाठी आलेल्या या श्रमिकांच्या वेतनाचा मोठा लचका घरभाडे तोडते. त्यावर विजेचे दर दोन: घरात राहणारा म्हणून ज्याची नोंद आहे त्याला स्वस्त, नोंद नसेल त्याला महाग. घरमालकाने नोंदीची टाळाटाळ केली की भुर्दंड भाडेकरूच्या माथी. स्वतःच्या नावाचे कार्ड असणाऱ्याला बसप्रवास मात्र ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आहे. तेथे घरमालक आड येत नाही. म्हणजे महागाई केवळ बाजार ठरवत नाही, नियमही ठरवतात. बसबाबत जे साधले, ते विजेबाबत का साधू नये?