मॉडेल विसरा, चिपचा नंबर सांगा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला दिला जाणारा नेहमीचा मोफत आधार थांबवला आणि घरोघरचे धडधाकट लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले. विंडोज ११ त्यांच्यावर घेता येत नाही. कुणाकडे टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, कुणाचा प्रोसेसर यादीत बसत नाही. यातले कितीतरी अकरा-बारा इंची, चार जीबी रॅमचे, मुलांच्या ऑनलाइन शाळेपायी घाईघाईत सेकंडहँड घेतलेले. ‘त्यावर लिनक्स टाक’ हा सल्ला आता कट्ट्यावरही मिळतो, आणि सल्ला चांगलाच आहे. पेनड्राइव्ह लावला की तासाभरात काम उरकतं.

फोन येतात ते त्यानंतर. “सगळं मस्त आहे हो, फक्त वायफाय दिसत नाही.” “झाकण मिटलं की परत उठतच नाही.” “आवाज गेला.” आणि शेवटी ठरलेलं वाक्य: “लिनक्सचं हे असंच असतं, नाही का?”

मी विचारते, चिप कुठली आहे? उत्तर येतं लॅपटॉपच्या मॉडेलचं. माझ्या मते अर्धा गोंधळ इथेच आहे. मॉडेलचं नाव ही जाहिरातीची सोय. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन लॅपटॉपांत वायफायची कार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची असू शकतात, कारण त्या-त्या वेळी जे कार्ड स्वस्त मिळालं ते आत गेलं. विंडोजमध्ये हे कळत नाही. तिथे प्रत्येक चिपचा ड्रायव्हर लॅपटॉपवाला किंवा चिपवाला आयता देतो. लिनक्समध्ये ड्रायव्हर बहुतेक वेळा कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतात, आणि ते तिथे येतात चिपवाल्याने लिहून दिले तर, किंवा कुणीतरी खपून शोधून काढले तर. मोठ्या लॅपटॉपला हा जाच कमी, कारण त्यात सहसा बऱ्यापैकी, सगळ्यांना माहीत असलेले भाग असतात. छोट्या स्वस्त लॅपटॉपात पैसे वाचवायची जागा म्हणजे नेमकी वायफाय, टचपॅड आणि आवाजाची चिप.

दिवाळीत माझा भाचा असाच एक अकरा इंची लॅपटॉप घेऊन आला. “मावशी, वायफायचं चिन्हच येत नाही. व्हिडिओत सांगितलेलं सगळं टर्मिनलमध्ये टाकून झालं,” म्हणाला. आधी नेटची सोय केली. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की लिनक्स त्याला तारेची जोडणी समजून लगेच घेतं. ही युक्ती अनेकांना माहीत नसते आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, या चक्रात ते अडकतात. मग टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ या जोडपर्यायासह दिली. यंत्राच्या आत काय-काय बसवलंय त्याची यादी समोर आली. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ होती, रिअलटेकचं नाव होतं आणि चौकटी कंसात आकडा होता: १०ईसी:सी८२१.

हा आकडा म्हणजे चिपचं आधार कार्ड. पहिली चार अक्षरं कंपनीची: रिअलटेक १०ईसी, ब्रॉडकॉम १४ई४. इंटेलने तर आपल्या गाजलेल्या प्रोसेसरची आठवण म्हणून ८०८६ हाच आकडा घेतलाय. पुढची चार अक्षरं त्या विशिष्ट चिपची. इथे ती आरटीएल८८२१सीई निघाली. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असायला हवी होती, ती नव्हती. म्हणजे कार्ड जागेवर आहे, यंत्राला ते दिसतंय, पण त्याला चालवणारा कुणी नाही.

सगळं निदान तीन शक्यतांत बसतं. यादीत कार्डच नसेल तर ते सैल झालंय, बायॉसमध्ये बंद केलंय किंवा यूएसबी जातीचं आहे. मग ‘एलएसयूएसबी’ची यादी बघायची. कार्ड आहे पण ड्रायव्हरची ओळ नाही, तर ड्रायव्हर नाही. ओळ आहे तरी चालत नाही, तर बहुधा फर्मवेअरची, म्हणजे चिपमध्ये चढवायच्या आज्ञावलीची, फाइल नाही किंवा वायफायला कुठेतरी कुलूप लागलंय. फर्मवेअरची तक्रार ‘डीमेसेज’च्या नोंदींत स्पष्ट लिहिलेली असते आणि कुलूप ‘आरएफकिल’ दाखवतं. काही लॅपटॉपांना वायफायचं बटण मुळात नसतंच, तरी कंपनीच्या खास बटणांचा ड्रायव्हर ते ‘बंद’ आहे असं समजून बसतो. अशा वेळी वायफायचा ड्रायव्हर दहादा बदलून काही होत नाही. तो बटणांचा ड्रायव्हर काढावा लागतो.

भाच्याच्या लॅपटॉपवर कर्नल निघालं ४.१५. मित्राच्या खणात पडलेल्या पेनड्राइव्हवरून त्याने लिनक्स मिंट १९ टाकलं होतं, म्हणजे २०१८चं. या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ५.९पासून, २०२०च्या अखेरीस. व्हिडिओतल्या आज्ञा गिरवून काही होणारच नव्हतं. मिंट २२चा पेनड्राइव्ह करून दिला. इन्स्टॉल न करता नुसता लावून चालू केला, तर तिथेच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची नावं ओळीने उभी राहिली.

जुन्या यंत्राला जुनंच लिनक्स मानवतं, हा समज फार पसरलाय आणि तो उलटा आहे. यंत्र हलकं चालावं म्हणून डेस्कटॉप हलका घ्यायचा, एक्सएफसीईसारखा. कर्नल मात्र चांगलं नवं हवं, कारण ड्रायव्हरांची भर नव्या कर्नलमध्ये पडत जाते. याला एकच मोठा अपवाद, ३२-बिट प्रोसेसरचा. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या आवृत्तीने अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. तुमचा नेटबुक त्या पिढीतला असेल तर डेबियन १२वर थांबा.

दुसरा रोग आज्ञा गिरवण्याचा. कुणीतरी लिहिलेला बाहेरचा ड्रायव्हर उतरवून आपल्या यंत्रावर बांधला की तो त्या दिवशी चालतो. मग कर्नल अपडेट होतं आणि वायफाय पुन्हा गायब. डीकेएमएसची सोय असेल तर ड्रायव्हर दर अपडेटला आपोआप नव्याने बांधला जातो, पण सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेल्या ड्रायव्हरला यंत्र दारातच अडवतं. सहीची किल्ली नोंदवायला रीस्टार्टनंतर एक निळा पडदा येतो, काही सेकंदच थांबतो. त्यावर लोक सवयीने एंटर मारून पुढे जातात, किल्ली नोंदवली जात नाही आणि मग ‘सगळं बरोबर करूनही होत नाही’ अशी तक्रार येते.

बाकीच्या दुखण्यांचंही असंच. झाकण मिटून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी सकाळपर्यंत संपत असेल तर ‘सिस’मधल्या ‘पॉवर’ फोल्डरात ‘मेम_स्लीप’ ही फाइल बघा. ‘एस२आयडल’ आणि ‘डीप’ अशी दोन नावं दिसली आणि चौकटी कंस पहिल्याभोवती असेल तर ‘डीप’ निवडून बघायला हरकत नाही. एकच नाव असेल, तर कंपनीने विंडोजच्या नव्या पद्धतीपायी जुनी गाढ झोप काढूनच टाकली आहे; मग रात्री लॅपटॉप सरळ बंद करावा. आवाजाच्या जागी ‘डमी आउटपुट’ दिसलं तर स्पीकर बिघडलेला नसतो. चिपचं फर्मवेअर किंवा स्पीकर-माइक कुठे जोडलेत याचा नकाशा मिळालेला नसतो. आणि एकाच लॅपटॉपवर विंडोज व लिनक्स दोन्ही ठेवली की घड्याळ नेमकं साडेपाच तास चुकतं. लिनक्स आतलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज स्थानिक वेळेवर. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की मिटलं. घड्याळ काही वर्षं मागे जात असेल तर मात्र मदरबोर्डवरचा सेल गेलाय, आणि मग ब्राउझरही प्रत्येक साइटला ‘असुरक्षित’ म्हणत बसतो.

‘हे सगळं लिनक्समुळेच ना?’ या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. २००७च्या अखेरीस असूसचा ईई पीसी ७०१ बाजारात आला. सात इंची पडदा, चार जीबीची साठवण आणि आत लिनक्स. वायफाय, आवाज, झोप, सगळं पहिल्या दिवसापासून चालायचं. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटच्या शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. २५६ एमबी रॅम, उन्हातही वाचता येणारा पडदा, आणि आत लिनक्सच. २०११पासून विकली जाणारी क्रोमबुक्सही लिनक्सच्या कर्नलवरच चालतात. या सगळ्यांत भाग निवडणारा आणि लिनक्स बसवणारा एकच होता; जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं होतं.

उलट उदाहरण इंटेलच्या जीएमए ५०० ग्राफिक्सचं. डेलचा मिनी १२, सोनीचा वायो पी असे देखणे छोटे लॅपटॉप त्यावर निघाले. इंटेलची ग्राफिक्स लिनक्सला मानवते, या भरवशावर लोकांनी ते घेतले. आत निघाला दुसऱ्याच कंपनीचा, पॉवरव्हीआरचा गाभा, आणि त्याची माहिती कुलूपबंद. कर्नलमध्ये साधा ड्रायव्हर यायला २०११ उजाडलं, तोही थ्रीडीशिवाय. इंटेलच्याच बे ट्रेल पिढीच्या स्वस्त यंत्रांत ६४-बिट प्रोसेसर आणि ३२-बिट यूईएफआय अशी जोडी होती, त्यामुळे नेहमीचा पेनड्राइव्ह त्यांना दिसायचाच नाही. इन्स्टॉल झालं तरी प्रोसेसर गाढ विश्रांतीत गेला की यंत्र गोठायचं. या पिढीचे टचस्क्रीन, आवाज आणि बॅटरी लिनक्समध्ये मार्गी लावण्यात तेव्हा रेड हॅटमध्ये असलेल्या हान्स द गुडे यांचा वाटा फार मोठा. कुठल्या मॉडेलचा टचस्क्रीन कसा वाचायचा, याची एकेका यंत्राची नोंद असलेली फाइलच कर्नलमध्ये आहे. जी माहिती कंपनीच्या टेबलावर पडून होती ती बाहेरच्या माणसांनी अशी वेचून जमवली.

लिनक्सवाल्यांचीही चूक आहेच. डेबियनने कित्येक वर्षं तत्त्वाखातर बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घातलं नाही. तत्त्व सच्चं होतं, पण त्याची किंमत मोजायचा नवखा माणूस. २०२२मध्ये मतदान होऊन हा नियम बदलला आणि जून २०२३च्या डेबियन १२पासून फर्मवेअर सोबतच येतं. हे शहाणपण दहा वर्षं आधी सुचायला हवं होतं. आणि प्रत्येक लॅपटॉपचं आतलं वायफाय वाचवायलाच हवं, असंही नाही. वायफाय सोल्डर केलेलं असेल, किंवा बायॉस परकं कार्ड घेत नसेल, तर हट्ट सोडून एआर९२७१ चिपचा छोटा यूएसबी डोंगल लावावा. वेग बेताचा, पण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि फर्मवेअरही खुलं.

माझी मागणी खरी कंपन्यांकडे आहे. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, तेल कुठलं ते छापावं लागतं. पंचवीस हजारांच्या लॅपटॉपच्या खोक्यावर एमआरपी असते, आयातदाराचा पत्ता असतो, प्रोसेसरचं नाव तर ठळक. वायफाय, आवाज, टचपॅड आणि वेबकॅमच्या चिपचं नाव मात्र नसतं. निदान वायफायची माहिती गुप्त आहे असंही नाही. वायरलेस उपकरणाला आपल्याकडे दूरसंचार खात्याची मान्यता लागते, तेव्हा त्याचा तपशील द्यावाच लागतो. अमेरिकेच्या नियमापायी लॅपटॉपच्या पाठीवर, भिंगातून वाचावा इतक्या बारीक टाइपात, ‘कंटेन्स एफसीसी आयडी’ असं छापलेलंही अनेकदा सापडतं. तिथे सुरुवातीला ‘टीएक्स२’ असेल तर रिअलटेक, ‘पीडी९’ असेल तर इंटेल. जे परदेशी नियमासाठी पाठीवर छापता येतं, ते गिऱ्हाइकासाठी खोक्यावर छापायला अडचण कसली?

एकेकट्या गिऱ्हाइकाचं कंपनी ऐकणार नाही, हे मला कळतं. घाऊक गिऱ्हाइकाचं ऐकते. केरळच्या सरकारी शाळा गेली अनेक वर्षं लिनक्सवर चालतात. एवढा मोठा खरेदीदार ‘आमच्या प्रणालीवर चालेल तेच घेऊ’ म्हणू शकतो. आपल्याकडे शाळा, वाचनालयं, सहकारी बँका, सामाजिक निधीतून लॅपटॉप वाटणारे उद्योग, सगळे प्रोसेसर, रॅम आणि दर बघून मोकळे होतात. त्यांनी खरेदीच्या अटींत एक कलम वाढवावं. नमुना लॅपटॉपला चालू लिनक्सचा पेनड्राइव्ह लावायचा आणि वायफाय, आवाज, टचपॅड, वेबकॅम व झाकण मिटून उघडणं ही पाच कामं तिथल्या तिथे बघायची. चिपांची यादी कोटेशनला जोडायची आणि पुरवलेल्या मालात तीच चिप निघाली तरच बिल पास करायचं. तपासायला दहा मिनिटं पुरतात. सेकंडहँड घेणाऱ्यानेही दुकानात हाच पेनड्राइव्ह खिशात घेऊन जावं, आणि तो लावू न देणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढचं दुकान गाठावं.