एक ना धड… पण चालते!

आपल्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर मी पहिल्यांदा सायकल लावली, त्या दिवशीची गोष्ट. शेजारी मोटारसायकल लावणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "ही कुठल्या कंपनीची रे?" प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. फ्रेमवर 'अ‍ॅटलास'ची पुसट अक्षरे, पुढचे चाक 'हीरो'चे, सीट 'हर्क्युलिस'ची, चेन आणि पायडल आणखी चौथ्याच सायकलचे! मी गप्प राहिलेला पाहून दुसरा म्हणाला, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" सगळे हसले. मीही हसलो. पण पुढे वर्षभर मी ती सायकल स्टँडवर न लावता मागच्या भिंतीशी, कडुनिंबाच्या आडोशाला लावीत असे.

या वर्षी मी ती पुन्हा स्टँडवर लावू लागलो आहे. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी सायकलची वंशावळ सांगतो. फ्रेम आजोबांची. आजोबांकडून ती वडिलांकडे आली. वडील लातूरच्या मोंढ्यात हमाली करतात. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. एप्रिल महिन्यात पहिली गाडी आली, तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. वर्तमानपत्रांत त्या गाडीची छायाचित्रे छापून आली. पण रेल्वेने आलेले पाणी आपल्या पायांनी घरात येत नाही! टाकीपासून घरापर्यंत ते आणायचे कुणी? आमच्या गल्लीत ते सायकलने आणले. वडिलांनी कॅरिअरला आडवी सळई बांधली, तिला दोन्ही बाजूंना आकडे वळवून घेतले आणि एकेका बाजूला दोन-दोन घागरी अडकवल्या. चार घागरींचे साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो ओझे. मागच्या चाकाचे आरे तुटू लागले तेव्हा जाड आरे बसवून घेतले. त्या उन्हाळ्यात अशा कितीतरी सायकली मी पाहिल्या. एकीचे आकडे दुसरीसारखे नसत. ज्याची जशी घागर, तसा त्याचा आकडा. कुठल्याही कारखान्यातून अशी सायकल बाहेर पडत नव्हती. गरज पडली आणि माणसांनी ती घडवली.

पुढे आई आणि मी गावी परतलो. वडील मोंढ्यातच राहिले. आमचे गाव अहमदपूर-लोहा रस्त्यापासून तीन किलोमीटर आत, काळ्या रानात आहे. शाळा घरापासून नऊ किलोमीटर. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्यांची मागणी त्यांच्या पोटाची होती, तिच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. पण मी तेव्हा दहावीत होतो आणि शाळेला जायला वाहन नव्हते. वडील त्या दिवाळीला सायकलवरच लातूरहून निघाले. वाटेत पुढच्या चाकाचा आठ झाला, म्हणून शेवटचा टप्पा सायकल हातात धरून चालत आले. पोचेपर्यंत अंधार पडला होता. चहा पिऊन म्हणाले, "ही आता तुझी. मी मोंढ्यात पायी जाईन. पण जोडायची तूच. मी नुसता बसून सांगणार."

त्या चार दिवसांत मी जे शिकलो ते मला कुठल्याच पुस्तकात सापडले नव्हते. शेजारच्या मुलाच्या मोडक्या रेंजर सायकलचे पुढचे चाक मी मागून आणले. टायर चांगला रुंद, खडबडीत. चिखलात छान चालेल असे वाटले. वडील म्हणाले, "चाक गोल दिसलं म्हणून बसतंय का लेकरा? मोजून बघ." मोजले. ते चाक २६ इंची, त्याच्या रिमचा टायर बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर. आमचे जुने २८ इंची, त्याचा ६३५. निम्मा फरक म्हणजे ३८ मिलिमीटर. ब्रेकची रबरे जिथे टेकायची तिथे रिमच नाही, टायर आहे! चाक परत केले. शेवटी एका गुरुजींच्या अडगळीतल्या 'हीरो'चे २८ इंची चाक मिळाले. ३२ आऱ्यांचे. मागचे चाक ४० आऱ्यांचे. ओझे मागे येते म्हणून मागे आरे जास्त, हेही तेव्हाच कळले.

मग मला हौस आली शहरातल्या मुलांसारख्या सरळ हँडलची. वडील हसले. जुन्या सायकलच्या ब्रेकचे गज हँडललाच जोडलेले असतात. हँडल बदलले की ब्रेक गेला. बरे, तारेचा ब्रेक लावावा, तर तो रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो आणि आमच्या जुन्या रिमच्या बाजू गोलसर, धरायला सपाट जागाच नाही. एक भाग बदलला की बाकीचे चार भाग विचारतात, आता आमचे काय? म्हणून हँडल जुनेच राहिले. डावे पायडल मी बराच वेळ ताकद लावून फिरवत होतो, ते सुटेना. वडिलांनी बराच वेळ मला तसाच झगडू दिला आणि मग सांगितले, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात; नाहीतर चालवता चालवता ते आपोआप सुटून हातात येईल.

एक गोष्ट मात्र आम्ही विकत आणली, ती म्हणजे २२ दात्यांचे फ्रीव्हील. आधी १८ दात्यांचे होते. पुढचे चक्र ४४ दात्यांचे. हिशेब केला तर पूर्वी पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाई, आता साडेचार. वेग कमी झाला, पण चढावर आणि चिखलात पाय हलका झाला. फ्रीव्हील मोठे झाले तशी चेन अपुरी पडली. ती तशीही झिजून लांबलेली होती. दुसरी चेन हवी होती आणि ती आमच्याच वाड्यात होती.

इथे मला थोडे थांबून लिहावे लागते. माझी चुलत बहीण तेव्हा नववीत होती. तिला सरकारी योजनेतून सायकल मिळाली होती. संपाच्या सुरुवातीलाच तिच्या सायकलचा मागचा एक्सल मोडला. दुरुस्तीचे दुकान तालुक्याला, न्यायला कुणी मोकळे नाही. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. कापूस वेचणीला आला. "सायकल नीट झाली की जा," असे घरात म्हणत राहिले आणि ती सायकल काही नीट झाली नाही. एक्सलची किंमत शंभर रुपयांच्या आत होती. पुढच्या वर्षी तिचे नाव पटावरून कमी झाले. मी दिवाळीनंतर महिन्याभराने तिच्या त्या उभ्या सायकलची चेन आणि पायडल काढून घेतले. काकांनीच सांगितले, "ने, पडूनच आहे." तिने स्वतः चेनवरची धूळ पुसून दिली. मी दहावी झालो, बारावी झालो, आज बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातला कॉलेजात आलेला मी पहिला. आणि मी तिच्या चेनवर इथवर आलो. एक्सल बदलायला तासभर लागतो, हे मला त्या दिवाळीच्या आधी ठाऊक असते तर!

पावसाळ्यात आमच्या पाणंदीची काळी माती भिजली की चाकाला अशी धरते की मडगार्डमध्ये चाक फिरायचे थांबते. म्हणून मी दोन्ही मडगार्ड काढून टाकले, चेनवरचे झाकण काढले, घागरींचे आकडे काढून वजन कमी केले. तरी चाक अडलेच तर सायकलची दांडी खांद्यावर घ्यायची आणि चालायचे. दप्तर एका खांद्यावर, सायकल दुसऱ्या! अकरावी-बारावीचे दोन पावसाळे मी असेच काढले आणि मला त्याची लाज वाटे.

मागच्या वर्षी खोलीवरच्या मित्राच्या मोबाइलवर एक शर्यत पाहिली आणि मी उठून बसलो. युरोपात सायक्लोक्रॉस नावाचा खेळ आहे. चिखलातून, उतारावरून, पायऱ्यांवरून सायकल पळवायची. जिथे चालवता येत नाही तिथे उतरून ती खांद्यावर घ्यायची आणि धावायचे! फ्रान्समध्ये १९०२ साली त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५० साली पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा. ती झाँ रोबिक या फ्रेंच सायकलपटूने जिंकली. सुरुवातीला हे लोक रस्त्यावरच्या साध्या सायकलीच चिखलासाठी बदलून घेत. आजही त्यांच्या जागतिक स्पर्धेत ३३ मिलिमीटरहून रुंद टायर चालत नाही. रेंजरचा रुंद टायर चिखलात बरा, हा माझा समज किती कच्चा होता ते तेव्हा पुरते पटले. चाक अरुंद असेल तर माती झडायला दोन्ही बाजूंना जागा राहते. तिथे कडेला उभे राहून लोक टाळ्या वाजवतात. आमच्या पाणंदीला टाळ्या वाजवायला कुणी नव्हते, एवढाच फरक!

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. जोडलेली वस्तू म्हणजे कमअस्सल वस्तू, हा समज आपण मनातून काढला पाहिजे. कंपनीची सायकल तरी कुठे एका हाताची असते? लुधियानाच्या कितीतरी लहान-मोठ्या कारखान्यांत सुटे भाग तयार होतात आणि मग त्यांची सायकल होते. 'हीरो'चे मुंजाळ बंधूसुद्धा आधी सायकलचे सुटे भागच विकत, १९५६ साली ते पूर्ण सायकल बनवू लागले. उलट ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, 'अ‍ॅटलास'च्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम थांबले. पण आजोबांची 'अ‍ॅटलास' फ्रेम आजही रोज मला कॉलेजात आणते. आपली आजी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून वाकळ शिवते. तिला कुणी भाराभर चिंध्या म्हणतो का? कुठला तुकडा कुठे बसेल हे जिला कळते, तिच्या हातून चिंध्यांची वाकळ होते.

कुणी म्हणेल, आम्ही कला शाखेचे विद्यार्थी, पाना हातात धरणे हे आय. टी. आय.चे काम. मी विचारतो, मोजणे, ताडून पाहणे, चुकले तर परत करणे आणि एका बदलाने दुसरीकडे काय बिघडते ते आधी ओळखणे, हे शिक्षण नाही तर काय आहे? दुसरा म्हणेल, आता मोटारसायकलचा जमाना आहे. खरे आहे. पण आठवीतल्या मुलीला मोटारसायकलचा परवाना मिळत नाही आणि तिची शाळा पाच-सात किलोमीटरवर असतेच. जोडकामाच्याही मर्यादा आहेत, त्या लपवू नयेत. चिमटा आणि ब्रेक यांत तडजोड करू नये. तडा गेलेला चिमटा वेल्डिंग करून वापरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पण ही मर्यादाही ज्याला जोडता येते त्यालाच कळते.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. पहिली अशी की, आपल्या स्टँडवर वर्षानुवर्षे पडून गंजलेल्या सायकली आहेत. त्या भंगारात वजनावर देण्यापूर्वी आम्हा विद्यार्थ्यांना द्याव्यात. पाने, आरे कसण्याची चावी, चेनची पिन काढण्याचे हत्यार आणि एक पंप, एवढे साहित्य पुरे. तीन मोडक्या सायकलींतून एक चालती सायकल होते. दुसरी अशी की, राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले हिवाळी शिबिर सात दिवसांचे असते. त्यातला एक दिवस त्या गावातल्या मुलींच्या सायकली दुरुस्त करण्यासाठी ठेवावा आणि दुरुस्ती त्यांच्याच हातून करून घ्यावी. आपण वडिलांसारखे नुसते बसून सांगावे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी चुलत बहिणीच्या सायकलला नवा एक्सल, नवी चेन आणि पायडल आणले. बसवताना तिने डावे पायडल हातात घेतले आणि मला विचारले, "हे का बसंना?" मी बराच वेळ काही सांगितले नाही. मग तिने ते उलटे फिरवले. यंदा तिने दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. परीक्षेचे केंद्र तालुक्याला आहे. ती म्हणते, एस. टी. असो वा नसो, मी जाणार.

तेव्हा मित्रहो, माझी सायकल कुठल्या कंपनीची, असे पुन्हा कुणी विचारले तर स्टँडवर माझ्याशेजारी जरा थांबा. उत्तर लांबलचक आहे, पण मी ते सगळे सांगेन.

— बी. ए. (द्वितीय वर्ष)