बांधावरचं झाड आणि वीज
वळवाचा पाऊस आला की रानातली माणसं हातातलं खुरपं टाकून बांधावरच्या लिंबाखाली पळतात. भिजायला नको म्हणून! मोकळ्या शिवारात सगळ्यांत उंच तेच असतं, त्यामुळे विजेचाही पहिला डोळा त्याच्यावर. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरता उतरता शेजारच्या माणसाकडे झेपावते, मुळांजवळच्या जमिनीतूनही पसरते. म्हणजे खोडाला न टेकता उभं राहिलं तरी सुटका नाही. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देतं. चांगलंच आहे, पण वावरात रेंज गेली की त्याचा उपयोग किती, हे शेतकऱ्यालाच विचारा. बिनरेंजचा हिशेब सोपा आहे: वीज चमकली की आकडे मोजायचे, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडलं, तर औत सोडायचं आणि पक्कं घर किंवा काचा लावलेली जीप गाठायची. चार बांबूंवरचा पत्रा त्यात धरू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. तेवढ्यात कुणाची पेरणी अडत नाही. कुणावर वीज पडलीच, तर लोक त्याला हात लावायला घाबरतात, काही भागांत तर शेणात पुरतात. अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल, तर एकाने लगेच छाती दाबायला घ्यायची, दुसऱ्याने १०८ लावायचा.